आहेरात आलेलं गवत

माझ्या व्याह्यांनी माझ्या वास्तुशांतीला मला आहेरात गवत दिलं. हे मी तेव्हा म्हणालो, आजही म्हणतो, आणि भूमच्या बाजारात कुणी विचारलं तर पुन्हा म्हणेन. हल्ली कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे अपमान केवढा ते कळेल. मी शेळ्या-बोकडांचा व्यापारी. वडिलांनी मागं ठेवलं ते एक आडनाव आणि एक लंगडी शेळी. त्या शेळीपासून मी स्वतःच्या पिकअपपर्यंत आलो आणि मग गावाबाहेर स्लॅबचं घर बांधलं. या सगळ्या वर्षांत कुणी मला खराब माल गळ्यात मारू शकलं नाही. मीठ चारून, पाणी पाजून पोट तट्ट केलेली शेळी मी लांबून ओळखतो. शिंगाला तेल चोळून तरणी केलेली म्हातारी तर मला बघून स्वतःच मान खाली घालते. भाव करताना मी चिडतो, उठून जातो, परत येतो, पुन्हा चिडतो. लोक म्हणतात हे नाटक आहे. नाटक नाही. मला खरंच राग येतो, आणि त्याचा उपयोग होतो.

व्याही उमरग्याचे. हायवेला लागून त्यांची नर्सरी आहे. आंबा, नारळ, चिंच तर आहेतच, शिवाय बंगलेवाल्यांसाठी परदेशी फुलांच्या कुंड्याही असतात. माणूस मऊ बोलणारा. मऊ बोलणाऱ्याशी सौदा फार अवघड, भांडायला जागाच सापडत नाही. मुलीच्या लग्नाच्या बोलणीला मी कंबर कसून गेलो होतो. ते म्हणाले, "तुमी म्हणाल तसं." मी न भांडता घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही.

वास्तुशांतीला थंडी सरत आली होती. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडंच आलेली होती, त्यामुळं व्याह्यांच्या घरचे सगळे येणार होते. आमच्याकडं आहेर माइकवरून पुकारतात. कुणी काय आणलं ते मांडवातल्या शेवटच्या माणसालाही कळलं पाहिजे, आणि मांडवाबाहेरच्यालाही. पुकारायला माझा मेहुणा होता. त्याला माइक मिळाला की तो जेवतसुद्धा नाही. मामांकडून फेटा, आत्याकडून पातळ, मित्रमंडळींकडून भिंतीवरचं घड्याळ, असं चाललं होतं. व्याह्यांचा आहेर म्हणजे पूर्ण पेहराव असतो, तो सगळ्यांत मानाचा, म्हणून मी शर्टाची कॉलर नीट करून बसलो.

व्याह्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पुढं केलं. मेहुण्यानं कागद सोडला. आत एक कुंडी. कुंडीत हिरव्या पात्यांचा झुबका, वीतभर उंच. बास. मेहुण्यानं कुंडी फिरवून बघितली, खाली बघितलं, कागदात हात घालून बघितला. मग माइकमध्ये म्हणाला, "उमरग्याच्या व्याह्यांकडून एक कुंडी." थोडा थांबला. "कुंडीत गवत."

मांडव हसला. मी ज्यांच्याकडून आयुष्यभर माल घेतला ते सगळे धनगर, खाटीक, दलाल तिथं बसलेले होते. पंक्तीत वाढणारेसुद्धा बादल्या खाली ठेवून हसले.

व्याही उठून माझ्याजवळ आले. "ते गवत न्हाय, पाहुणे. फूलझाड हाय. केशराच्या कुळातलं."

"केशर कुठंय?"

"केशर येत न्हाय त्याला. त्याच्या कुळातलं हाय."

"माझा एक चुलता आमदाराच्या गाडीवर डायव्हर होता," मी म्हणालो. "म्हणून मला कुणी सलाम करत न्हाय."

"निळी फुलं येतात. बारीक, पण लई देखणी."

"मग कुठायत?"

"दुपार झाली की मिटतात."

आता मला सांगा, शेळी विकायला आलेल्या माणसानं म्हटलं की ही दूध देते, पण तुम्ही नसताना, तर तुम्ही काय कराल? मी सगळ्यांसमोर हसलो, कारण घर माझं होतं आणि पंगत माझी होती. पण आत जो जाळ झाला तो झाला.

पुढच्या बाजारात मला त्याची फळं मिळाली. एक गिऱ्हाईक बोकडाचा कान धरून म्हणाला, "शेट, ह्याच्याबरूबर गवत फुकट का?" दुसरा म्हणाला, "व्याह्याकडनं आलेलंच द्या, बाजारातलं नगं." ज्या माणसाला कुणी फसवू शकत नाही अशी ख्याती होती, त्याला त्याच्याच घरी, त्याच्याच माइकवरून फसवलं गेलं होतं. ख्याती गेली की आमच्या धंद्यात उरतं काय? शेण.

मी ठरवलं, आहेर परत करायचा. बायको म्हणाली, "आहेर परत करत्यात का कुठं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणायचं ते म्हणून बसलेत," मी म्हणालो.

भल्या पहाटे कुंडी पिकअपच्या मागच्या हौद्यात ठेवली आणि निघालो. भूम ते उमरगा म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. सबंध रस्ता मी काय बोलायचं ते जुळवत होतो. नर्सरीच्या दारात पोचलो तेव्हा चांगलं ऊन वर आलं होतं. आत बरीच गिऱ्हाइकं होती. मला तेच हवं होतं.

"या मंडळी," मी गेटातूनच आवाज दिला. "इकडं या आणि बघा. ह्या माणसानं सख्ख्या व्याह्याला आहेरात गवत दिलंय."

असं म्हणून मी हौद्याचं फळकं धाडकन खाली पाडलं.

सगळा झुबका फुललेला होता. पात्यांच्या टोकाटोकाला निळी फुलं, नखाएवढी, मध्ये पिवळा ठिपका. हौद्यातल्या लेंड्यांच्या आणि जुन्या दोरखंडाच्या मध्ये ती कुंडी अशी दिसत होती, जणू कुणी तिची पूजा मांडली आहे. गिऱ्हाइकं पुढं सरकली. एक बाई म्हणाल्या, "काय गोड आहे हो. हे कितीला?"

व्याही मऊ आवाजात म्हणाले, "ते विकायचं न्हाय, ताई. ते ह्यांना आहेरात दिलंय."

"नशीबवान आहेत," बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या.

मी फळकं लावलं आणि परत निघालो. चहासुद्धा घेतला नाही.

पण परतीच्या वाटेवर माझ्यातला व्यापारी जागा झाला. झाड फुलतं, हे आता मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे माल खरा होता. मग बाजारात माझी इज्जत गेली ती खऱ्या मालावरून गेली, आणि ती खरा माल दाखवून परत आणता येते. पुढच्या बाजाराला मी कुंडी घेऊन गेलो आणि पिकअपच्या टपावर ठेवली. शेजारपाजारचे व्यापारी जमा केले. "बघा," मी म्हणालो, "गवत म्हणत होता ना?"

नेमकं त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. सकाळपासून उन्हाची तिरीप नाही. कुंडीत हिरवी पाती, आणि पात्यांना बारक्या मिटलेल्या चोची.

"शेट," एकजण म्हणाला, "आमी कवा म्हणलो हे गवत न्हाय म्हणून?"

संध्याकाळी घरी येऊन मी कुंडी बायकोसमोर आदळली, म्हणजे आदळणार होतो, पण तिनं हातातून घेतली.

"ऊन असलं की उघडतं, न्हायतर न्हाय," ती म्हणाली. "रोज सकाळी फुलतंय की वट्यावर. तुमी असता कवा घरी?"

"आधी का न्हाय सांगितलं?"

"तुमी विचारलं कवा? तुमी नुसतं म्हणत होता."

इकडं उमरग्याला वेगळंच झालं होतं. मी आहेर परत करायला आलो होतो हे व्याह्यांच्या मनाला लागलं. मऊ माणसाचा राग कडक माणसाच्या रागापेक्षा वाईट, कारण तो विझत नाही. त्यांनी जावयाच्या हाती निरोप पाठवला: जोवर मी चार माणसांत 'ते गवत नाही' असं म्हणत नाही, तोवर त्यांचं पाऊल माझ्या उंबऱ्याला लागणार नाही. मी उलट निरोप पाठवला: जोवर ते चार माणसांत 'चुकलं, माणसाला आहेरात गवत देऊ नये' असं म्हणत नाहीत, तोवर मी त्यांना बोलावणार नाही. जावई मोटारसायकलवरून निरोप नेत आणि आणत होता. त्यानं दोन्हीकडं सारखीच मान हलवायची सवय लावून घेतली होती.

आणि मग नात झाली.

पोरगी चांगली झाली, आवाज माझ्यावर गेला. बाराव्या दिवशी बारसं करायचं, म्हणजे नाव ठेवायला आत्या पाहिजे. बाळाची आत्या म्हणजे व्याह्यांची मुलगी. ती बापाला सोडून कशी येणार? बाप उंबऱ्याला पाऊल लावायला तयार नाही. मी सुचवलं की शेजारची एक बाई चांगली आहे, तिच्या हातानं करू.

मुलगी बाळंतिणीच्या खोलीतून म्हणाली, "माझ्या लेकीला आत्या हाय. भाड्यानं आणायची न्हाय."

"मग कर फोन तुझ्या सासऱ्याला."

"तुमी करा. तुमचं गवत, तुमीच काय ते बघा."

बारावा दिवस गेला. पाळणा सजवून ठेवलेला, त्यावर माश्या बसायला लागल्या. बघायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "नाव काय ठेवलं?" आणि बायको माझ्याकडं बोट दाखवायची. नातीला कुणी 'छकुली' म्हणायचं, कुणी 'बाई', मेहुणा 'गवताई' म्हणाला तेव्हा मी त्याला घराबाहेर काढला. पण रात्री पाळण्याकडं बघताना मला खरंच वाईट वाटायचं. बाजारातल्या शेळीलासुद्धा आम्ही नाव ठेवतो, काळी, टिकली, बुटकी. हिला काय म्हणून हाक मारायची?

शेवटी बायकोनं चाचांना बोलावलं. चाचा म्हणजे बाजारातले सगळ्यांत जुने दलाल. दाढी पांढरी, खांद्यावर चौकड्याचा मोठा रुमाल. त्या रुमालाखाली सौदे होतात. विकणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा हात, मध्ये चाचांचा हात, वर रुमाल. तोंडानं एक शब्द नाही, सगळं बोटं दाबून. कुणी किती चढलं, कुणी किती उतरलं ते जगाला कळत नाही, म्हणून कुणाची मान खाली जात नाही. आणि त्या बाजाराचा एक कायदा आहे: रुमालाखाली झालेलं वर काढायचं नाही. हा कायदा मोडणाऱ्याला मी स्वतः शिव्या घालून बाजारातून हाकललेलं आहे.

चाचांनी दोघांना बेंबळीला बोलावलं. भूमही नको, उमरगाही नको. चाचांची बहीण तिथं दिलेली, तिच्या अंगणात बाज टाकली होती. बहीण मोठी खमकी बाई. तिनं चहा दिला आणि दाराच्या चौकटीत पाय रोवून बसली. व्याही मुलाला घेऊन आले. मी कुंडी घेऊन गेलो. ऊन होतं, फुलं उघडी होती. माझी बाजू तिथंच निम्मी पडली, पण मी तोंडावर दाखवलं नाही.

"फुलं तर हायत, शेट," चाचा म्हणाले.

"फुलं गवतालाबी येतात, चाचा. कुसळाला येत न्हाईत का? आणि त्या कुंडीत खोचलेल्या पट्टीवर इंग्रजीत ग्रास लिहिलंय. जावयानंच वाचून दाखवलंय मला."

जावयानं दोन्हीकडं मान हलवली.

"ते आपलं बोलायचं नाव," व्याही म्हणाले. "पात्यावरून पडलंय. जात गवताची न्हाय."

"गवत हाय का न्हाय ते माणसानं कशाला ठरवायचं?" मी म्हणालो. "शेळीला ठरवू द्या. शेळीनं खाल्लं तर गवत."

अंगणात दावणीला एक काळी शेळी होती, आपल्याकडची अस्सल, चकचकीत. व्याही पहिल्यांदाच जरा गरम झाले. "शेळी काय, सगळंच खाते. माझ्या नर्सरीत एकदा शिरली तर बोर्ड खाल्ला तिनं."

"भ्यालात का?"

"सोडा," व्याही म्हणाले.

चाचांच्या बहिणीनं शेळी सोडली. शेळी आली. कुंडीत तोंड घातलं, हुंगलं. शेळीनं फुंकर मारली, मान वळवली, आणि बाजेवर ठेवलेल्या माझ्या टोपीचा काठ चावायला लागली.

कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

"शेळी आजारी हाय," मी म्हणालो.

"कोण आजारी?" चाचांची बहीण उठली. "दोन करडं पाजतीया ती. दात बघा तिचे, मग बोला."

मी सवयीनं दात बघितले. एकदम चोख. कास बघितली, पाठीवरून हात फिरवला. इतकी चांगली शेळी मी त्या मोसमात बघितली नव्हती. तोंडातून निघून गेलं, "देणार का?"

"इकडं नातीला नाव न्हाय," ती म्हणाली, "आणि ह्यांचं शेळीवर मन आलंय."

चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला. "बसा दोघं. तोंडानं लई झालं. आता हातानं बोला."

एका बाजूला मी, एका बाजूला व्याही, मध्ये चाचा. रुमाल हातांवर पडला. चाचांनी आधी व्याह्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, मग माझ्या कानात एवढंच, "बारशाला, चार माणसांत, किती वेळा 'चुकलं' म्हणायचं, तेवढी बोटं."

मी त्यांची पाचही बोटं गच्च धरली. मला पाच पाहिजे होते. चाचांनी पलीकडं हात दाबला. व्याह्यांचा चेहरा मऊच होता, पण कान लाल झाले. चाचांनी माझं एक बोट धरलं. मी हात झटकला, उठलो, अंगणाच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. चार. चाचांनी एक. मी तीन. मला वाटतं माझी टोपी तोवर अर्धी संपली होती. शेवटी चाचांनी माझी दोन बोटं धरली आणि जरा जोरात दाबली, म्हणजे यापुढं नाही. मला नातीचा पाळणा आठवला. मी दोन्ही बोटं उलट दाबली. सौदा झाला.

चाचांनी रुमाल उचलून खांद्यावर टाकला. व्याही मला म्हणाले, "या आता, चहा घ्या परत." मी घेतला. व्याही दोनदा 'चुकलं' म्हणणार होते. पाच नाहीत, पण दोन. मी येताना गाडीत गाणी लावली.

बारसं ठरलं. व्याही सगळ्या घराला घेऊन आले, पूर्ण पेहरावाचा आहेरही आणला. आत्या आली, बायका आल्या, घुगऱ्या शिजल्या. बायकोनं कुंडी पाळण्याजवळ ठेवली होती, खिडकीतून ऊन येत होतं आणि सगळी फुलं उघडी होती. चाचा कोपऱ्यात वाटीतल्या घुगऱ्या खात बसले होते.

मी वाट बघत होतो. व्याही समोर बसलेले. त्यांनी घसा खाकरला. मी कान टवकारले. त्यांनी काही म्हटलं नाही. मग मला वाटलं त्यांना सुरुवात अवघड जात असेल, म्हणून मी घसा खाकरला. ते एकदम पुढं सरकून बसले.

"बोला पाहुणे," मी म्हणालो.

"तुमी बोला," ते म्हणाले.

"न्हाय, आधी तुमी. ठरलंय तसं."

"ठरलंय ते तुमचं ठरलंय. दोनदा."

"माझं? तुमचं दोनदा ठरलंय."

"माझ्या हातात दोन बोटं दाबली चाचांनी."

"माझ्याबी हातात दोनच दाबली."

आम्ही दोघांनी चाचांकडं बघितलं. चाचा शांतपणे घुगऱ्या चावत होते.

"चाचा," मी म्हणालो, "कुणी म्हणायचं होतं 'चुकलं'?"

"शेट," चाचा म्हणाले, "रुमालाखालचं वर काढायचं न्हाय. कायदा तुमीच सगळ्या बाजाराला शिकवता."

व्याही पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, "हा कसला कायदा?" मी म्हणालो, "कायद्याला काय म्हणायचं न्हाय, पाहुणे, तो बरोबर हाय. पण माणूस लबाड हाय." व्याही म्हणाले, "लबाडीची सुरुवात कुणी केली? आहेर परत कुणी आणला?" मी म्हणालो, "गवत कुणी दिलं?" आणि आमचं जे सुरू झालं ते सुरू झालं. मला आठवतं, मी व्याह्यांना म्हणालो की तुमच्या नर्सरीतलं खत माझ्या शेळ्यांचं असतं तर तुमची झाडं अशी लाजरी झाली नसती, आणि ते म्हणाले की माझ्या शेळ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे बेंबळीला सिद्ध झालंय.

मग मागं एकदम कल्ला झाला. आम्ही वळून बघितलं. बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालत होत्या, आत्या हसत होती, पाळणा हलत होता. नाव ठेवून झालं होतं. आत्यानं कानात सांगितलं, मग मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त दोन आजोबांनी.

मी व्याह्यांकडं बघितलं. व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. कुणाला विचारायचं?

"तुमी विचारा," ते हळूच म्हणाले, "घर तुमचं हाय."

"तुमची पोरगी हाय आत्या," मी म्हणालो. "तुमी विचारा."

शेवटी दोघं मिळून मुलीकडं गेलो. तिनं आम्हाला बराच वेळ उभं ठेवलं आणि मग सांगितलं. नाव चांगलं आहे. माझी त्यावर तक्रार नाही, व्याह्यांचीही नाही. माझी तक्रार आहे ती दोन 'चुकलं'ची, ती अजून यायची आहेत. व्याह्यांच्या मते ती माझ्याकडून यायची आहेत. चाचांना विचारलं की ते रुमाल झटकतात.

कुंडीतलं ते आता पसरलं आहे. बायकोनं त्याचे झुबके फोडून वट्याच्या कडेनं लावले, सकाळी ऊन आलं की सगळा काठ निळा होतो, असं ती सांगते. मी त्या वेळी बाजारात असतो. बेंबळीची ती शेळी मी नंतर घेतली, चाचांच्या बहिणीनं मला फार पिळलं. तीही त्या काठाला तोंड लावत नाही. वट्यावर पडलेलं दुसरं सगळं खाते.

नात आता बोलायला लागली आहे. मी तिला त्या झुबक्यापाशी बसवून 'गवत' शिकवतो. व्याही फोनवरून 'फूल' शिकवतात. ती त्याच्याकडं बोट दाखवून 'म्याव' म्हणते. व्याह्यांना वाटतं हे मी शिकवलं.